दुसऱ्या तपासणीस येऊ न शकणाऱ्या दात्याची पिशवी

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्लाझ्मा संकलन केंद्र.

विषय : माझ्या पतींच्या प्लाझ्माची पिशवी नष्ट न करण्याबाबत.
संदर्भ : आपली तिसरी सूचना, दि. २१ जुलै.

महोदय,

१. माझ्या पतींनी ४ फेब्रुवारीला आपल्या केंद्रात प्रथमच प्लाझ्मा दिला. सुईला ते फार भीत. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. मीच त्यांना समजावले होते की हजारो दात्यांचा प्लाझ्मा एका टाकीत एकत्र करतात, थंडी व अल्कोहोल वापरून त्यातली प्रथिने वेगळी काढतात, आणि ज्या मुलांचे शरीर स्वतः प्रतिपिंडे बनवू शकत नाही त्यांना ती इंजेक्शनने देतात. ते म्हणाले, "चल मग. पण तू हात धरून बसायचंस." मी बसले.

२. नव्या दात्याची पिशवी, साठ दिवसांनंतरची दुसरी तपासणी निर्दोष आल्याखेरीज वापरत नाहीत. ताजा संसर्ग पहिल्या तपासणीतून निसटू शकतो व एक दूषित पिशवी सगळ्या टाकीला भोवते. नियम योग्य आहे. त्यात सूट मागण्यासाठी हा अर्ज नाही.

३. पती १६ एप्रिलला रस्त्यावरील अपघातात वारले. त्यांना दुसऱ्या तपासणीस बोलावणारी आपली पहिली सूचना आल्यावर मृत्यूचा दाखला मी आपल्या खिडकीवर दिला. लिपिक म्हणाले, "ताई, न येण्याची कारणं तीनच आहेत. आजारी, नकार, पत्ता बदलला. वारल्याचा रकानाच नाही हो." त्यांनी 'पत्ता बदलला' यावर खूण केली. दुसऱ्या सूचनेत नवा पत्ता तातडीने कळवण्यास सांगितले आहे. मी पुन्हा गेले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "त्यांच्या नावावर तुम्हीच द्या ना रक्त. कोण बघायला येतंय?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु माझे रक्त निर्दोष निघाल्याने पतींचा प्लाझ्मा निर्दोष ठरत नाही, म्हणून मी नाही म्हटले. त्यांनी 'नकार' यावरही खूण केली.

४. तिसऱ्या सूचनेनुसार दाता बेजबाबदार ठरला असून त्यास आजन्म दानास अपात्र केले आहे. त्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती ४ ऑगस्टला पिशवी नष्ट करण्यास.

५. अपघाताच्या दिवशी, म्हणजे दानानंतर एकाहत्तराव्या दिवशी, रक्त चढवण्याआधी घेतलेला त्यांचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत उणे वीस अंशांवर ठेवलेला आहे. नळीवर नाव व वेळ आहे. तो स्वीकाराल का असे विचारले असता, नमुन्यासोबत दात्याने समक्ष येऊन सही करावी, असे उत्तर मिळाले.

तो नमुना तपासावा, एवढीच विनंती. दोष आढळल्यास पिशवी जरूर नष्ट करावी; मी पुन्हा खिडकीवर येणार नाही. निर्दोष असल्यास ती टाकीत जाऊ द्यावी. मिसळल्यानंतर ती त्यांची राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठीच मी त्यांना आपल्याकडे आणले होते.

४ ऑगस्टपूर्वी उत्तर मिळावे.

आपली नम्र,
(सही)
दात्याची पत्नी
दि. २८ जुलै

सोबत :
मृत्यूचा दाखला (चौथी प्रत)
नमुन्याबाबत प्रयोगशाळाप्रमुखांचे पत्र
आपल्या तिन्ही सूचना