मंदाच्या अंगी न लागणारं अन्न

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७९

म्हणे पोरगी हावरट! तीनदा जेवते तरी अंगी लागत नाही, म्हणजे अन्न वाया. माझ्या लेकीच्या, मंदाच्या सासऱ्यानं, त्या सीताबर्डीच्या कापडवाल्यानं, आज तिच्यादेखत मला ऐकवलं. आणि अंगी लागावं म्हणून हा शहाणा तिला चारतो काय? गव्हाच्या पोळ्या, वरून कणकेचा शिरा. शिरा!

डॉक्टरनं आतड्याचा तुकडा तपासून साफ सांगितलं होतं. लहान आतड्याला आतून बारीक लव असते, तीच अन्नातलं सत्त्व ओढून घेते. मंदाची लव गव्हानं झिजून सपाट झाली. गहू बंद केला तर परत येईल. मी शाळा फार पाहिली नाही, पण बोकडाची आतडी उलटी करून किती धुतली! आतून मखमल लागते हाताला.

तेच सांगितलं, "तुमच्या दुकानातली मखमल झिजून गुळगुळीत झाली तर पाणी धरन काय?"

नाकाला उपरणं लावून म्हणतो, "शी! विहीणबाई, जेवताना बोकड काहून काढता? अन् नुसता भात खायले आम्ही काय कुहीचे आहो?"

आम्ही कुहीचेच, धानाच्या मुलखातले. भातावर वाढलेली मंदा लग्नापर्यंत धडधाकट होती. जावई खाली मान घालून पोळी मोडत बसला. मी जास्त बोलले काय? कमीच बोलले.

निघताना त्यालाच विचारलं, "जावईबापू, बायको तुमची आहे. गहू बंद करता का मी तिले घरी नेऊ? रविवारपर्यंत मले उत्तर पाहिजे, अन् तुमच्या तोंडून पाहिजे."