आतून पांढरा

प्रिय इंजिनिअरसाहेब,

नव्या घराचे फोटो मिळाले. स्वयंपाकघरात ऊन चांगलं येतंय. परवा फोनवर आईंनी पुन्हा विचारलं, "तुझी ती दगडाची जेली अजून वाळली नाही का गं?" मागे तू हसल्याचं ऐकू आलं. महिनाअखेर नोकरी सोडून तुमच्याकडे यायचं ठरलंय, हे मी विसरलेले नाही.

आईंची ती दगडाची जेली म्हणजे सिलिका, शेवटी वाळूच. तिच्यातून वीज जात नाही. तिचा सच्छिद्र तुकडा करायचा आणि छिद्रांत वीज वाहून नेणारं हिरवं रसायन भरायचं, एवढंच आमचं प्रयोगशाळेतलं काम. ओली जेली घाईने वाळवली की तडकते. म्हणून डबीवर सुईने टोचलेला कागद लावून आम्ही आठवडेच्या आठवडे वाट बघतो. तुकडा अखंड निघाला की रसायन भरायचं, मीटर लावायचा. काटा हलायचा. वर्षभर आम्ही त्यावर खूश होतो.

तू तिकडे सामान हलवत होतास, तेव्हाची गोष्ट. मी एक अखंड तुकडा फोडला. इतक्या जपून वाळवलेली वस्तू फोडायचं आजवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं. सर खुर्चीतून उठलेच, "अहो बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" आत तो पांढराशुभ्र होता. रसायन छिद्रांच्या तोंडाशीच अडकलेलं, वीज नुसती सालीवरून वाहत होती. सरांनी तुकडा बराच वेळ हातात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे वर्षभर आपण रंगच मोजत बसलो." आणि चहा मागवला.

त्यानंतर आम्ही जेली पातळ असतानाच रसायन मिसळायला लागलो. गेल्या आठवड्यात पहिला तुकडा वाळून निघाला. वेडावाकडा, दोन ठिकाणी तडकलेला, तू बांधतोस त्या पुलाखाली खपला नसता. पण फोडला तर मध्यापर्यंत हिरवा. तोच न तडकता वाळवायला अजून वर्ष तरी जाईल. सरांनी विचारलं, थांबणार का.

काल मी हो म्हटलं. तुला न विचारता. आईंना अजून काही बोलले नाही, आधी तुला कळावं म्हणून. फोनवर सांगणं सोपं होतं, पण तू "बरं" म्हणाला असतास. जागा बदलायची ठरली तेव्हा मीही "बरं"च म्हटलं होतं. तेवढ्यावर आपण दोघंही फोन ठेवून देतो आणि सगळं ठीक आहे असं धरून चालतो. या वेळी मला ते नकोय. शनिवारी ये. रागावला असशील तर रागावलेलाच ये, वाटेत शांत होऊ नकोस.

तुझीच