घाई नको म्हणणारा शिंपी

प्रिय ठकू,

आपल्या फुटबॉल क्लबच्या महिला संघाने तुला येत्या रविवारी निवड चाचणीला बोलावलंय आणि तू जाणार नाहीस, हे तुझ्या आईकडून कळलं. मीच फोन केला असता, पण तुला माझी सवय ठाऊक आहे. फोन हातात आला की मी जेवलीस का, झोप होते का, एवढं विचारून मोकळा होतो. म्हणून भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. कागद तुझ्या शाळेच्या वहीतलेच आहेत.

इकडे आमचा शनिवारचा दरबार अजून भरतो. सामना संपला की मंडळी मैदानावरून थेट दुकानात. औषधवाला तुझं स्टूल बळकावतो, मास्तर इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभे. विषय ठरलेला, युवा संघातली पोरं मुख्य संघात कधी उतरवायची. औषधवाला म्हणतो, पोर चांगलं खेळतंय ना, मग उतरवा की, बाकावर बसून कुणी पोहायला शिकलंय का? मास्तर लगेच आकडे काढतात, कोण कितव्या वर्षी आला आणि किती सामने टिकला. आणि तोंडात टाचण्या धरून माझं एकच पालुपद, घाई नको. वाढत्या पोराच्या पँटला मी खाली चार बोटं कापड दुमडून ठेवतो, तसा त्यांनाही वाव ठेवा म्हणतो. यावर औषधवाला म्हणाला, तुझ्या हाती क्लब दिला तर पोरं पेन्शनीत निघाल्यावर पहिला गोल मारतील. मास्तर एवढे हसले की त्यांचा चहा सांडला, तोही नेमका एका नवरदेवाच्या सुटावर. डाग काढता काढता माझी पुरेवाट झाली.

मागच्या शनिवारी मात्र औषधवाला सहज बोलून गेला, तुझी ठकू वेळेत महिला संघात गेली असती तर आज गोलमध्ये तीच उभी असती. मी सुईत दोरा ओवत राहिलो. माझं पालुपद आलं नाही हे पाहून मास्तरांनी मला ताप आलाय का म्हणून विचारलं.

मी शिवलेले तुझे पहिले हातमोजे आठवतात? कोटाच्या खांद्यात घालतात तो फोम आणि अस्तराचं कापड. पहिल्याच पावसाळी सामन्यात ते फुगून त्यांच्या उशा झाल्या, तरी तू एक गोल होऊ दिला नाहीस. घरी आल्यावर आईने ते दोरीवर वाळत घातले आणि तू खाली खुर्ची टाकून राखणीला बसलीस. मी तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांना पकडून पकडून ती गोष्ट सांगायचो. तुला लाज वाटायची. मला अजिबात वाटायची नाही, आजही वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तू सतरा वर्षांची होतीस, त्या मोसमात पुरुषांच्या संघात एक कोवळा गोलकीपर उतरवला होता, तुझ्यापेक्षा फार तर वर्षाने मोठा. चेंडू त्याच्या पायांमधून आत गेला आणि अख्खी गॅलरी त्याच्यावर तुटून पडली. मीही. घरी जा, घरी जा म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो. आमच्या दोन रांगा पुढे एक बाई होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. पिशवी उचलली आणि चालू लागली. ती त्याची आई होती, हे मला बाहेर पडताना मास्तरांनी सांगितलं. त्यानंतर किती दिवस तरी, तू सरावाला निघालीस की मला तिची पाठ दिसायची.

ठकू, तू आईला म्हणालीस, "त्यांना मी तेव्हाही नको होते." हे ऐकल्यापासून माझं मशीन बंद आहे. पोरी, तू त्यांना हवी होतीस. त्या सामन्यानंतर पंधराच दिवसांनी तुझे कोच स्वतः दुकानात आले होते, मुलगी तयार आहे, महिला संघात घेतो म्हणाले. तुला अठरा पूर्ण नव्हती, म्हणून पालकाची सही हवी होती. मी म्हटलं, एक वर्ष थांबू, घाई नको. कागद बटणांच्या खणात टाकला आणि तुला काही सांगितलं नाही. वर्षभरात ते कोच क्लब सोडून गेले, नव्या कोचने स्वतःची गोलकीपर आणली. आपणच कमी पडलो असं समजून तू हातमोजे पिशवीत भरलेस, परगावी नोकरी धरलीस, आणि मी तुला तसंच समजू दिलं. तेव्हापासून दर शनिवारी मी इथे दुकानात पोरांची बाजू मांडत नव्हतो, स्वतःची मांडत होतो. आईला आज सकाळी सांगितलं. तिने जेवायला वाढलं, पण बोलत नाही. तूही बोलू नकोस हवं तर, मला चालेल. पण रविवारी जा. तो कागद सोबत घातलाय, खाली पालकाची जागा अजून रिकामी आहे, वर कोचच्या हातचं लिहिलेलं वाच. आता तुला माझी सही लागत नाही, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

तुझाच, तुझी वाट अडवून बसलेला,
बाबा