नकाशाबाहेरची अकरा घरं

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

घरं त्रेसष्ट. देऊळ एक. चावडी. विहीर – मोटेचं चाक फिरतं! बैलगाड्या चार. सगळं माझ्या हातचं, चिकणमाती आणि सागाचे तुकडे. फळी साडेपाच फूट बाय चार. शंभर फुटांना एक फूट, गावठाणाच्या जुन्या नकाशाबरहुकूम. पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरायच्या धंद्यातून वेळ काढत अडीच वर्षं लागली.

गाव धरणात गेलं तेव्हा मी तीन वर्षांचा. काहीच आठवत नाही. न आठवणाऱ्या जागेची इतकी ओढ का लागते?

आज दप्तर नसलेला शनिवार. चौथीच्या दिपाली मॅडमनी इतिहासाला मला फळीसकट बोलावलं. मुलं गुरुजी म्हणाली – मला, नववी नापासाला!

सगळं सांगून झालं. मग सीमा उठली. "गुरुजी, मन्ही आजीनं घर कोठे शे?"

तिची आजी छबूबाई आमच्याच गावची, बाहेरच्या भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली. मी फळीभर बोट फिरवत राहिलो. नव्हतंच.

१६ नोव्हेंबर

नकाशा भिंग लावून पाहिला. विहिरीच्या पलीकडे कोरा कागद. कागदावर नाही म्हणून मी केलं नाही. आणि स्वतःला काटेकोर म्हणवतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

छबूबाईकडे गेलो. मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. कशाला आलो ते सांगितलं तर हसली. म्हणाली, "नकाशा करनारा सायबले आम्ही दिसनूतच नही. तुलेबी नही."

वही काढली.

तिनं जमिनीवर मिरच्या मांडल्या. एकेक मिरची, एकेक घर. अकरा. घरमालकांची नावंही सांगितली. मग मातीत बोटानं खळगा केला – हा झिरा, नदीच्या वाळूत पाण्यासाठी उकरलेला. उन्हाळ्यात तुमची विहीर आटायची तेव्हा अख्खं गाव इथं पाण्याला यायचं म्हणे. वडिलांनी हे कधी सांगितलं नाही.

उठताना ती त्या खळग्याकडे बघून म्हणाली, "तुन्ही माय तुले आठेच धोये. तू लई रडे."

मी पाच वर्षांचा असताना आई गेली. पन्नास वर्षांत तिच्याविषयी एवढंसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं मला.



२१ नोव्हेंबर

अकरा घरं झाली. फळीवर मावत नाहीत. दीड फुटाची दुसरी फळी जोडली. सांधा दिसतो. रंधा मारून मारून थकलो, तरी दिसतोच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

छबूबाई शाळेत आली. आधी खाली वाकून सगळं न्याहाळलं. चार घरांची दारं चुकली होती – नदीकडे हवीत. मला विचारलं नाही, घरं उपटून फिरवली. डिंक अजून ओला होता म्हणून बरं!

मग अर्धा तास तिच्या भिली बोलीत बोलली. सीमा मराठीत सांगत होती. दिपाली मॅडम फळ्यावर नावं लिहीत होत्या, अकरा. मी मुलांबरोबर खाली बसकरपट्टीवर बसलो. माझा तास गेला याचं थोडं वाईट वाटलं. खरं तेच लिहितो.

झिऱ्यापाशी नखाएवढी एक बाई ठेवली आहे. कडेवर मूल. ती कोण, कुणी विचारलं नाही.

३० नोव्हेंबर

भावकी सगळी सुरतेला. फोटो पाठवले आहेत. एकदा कुणी येऊन बघावं. एकानं तरी म्हणावं, हो, असंच होतं.

७ डिसेंबर, रविवार

सुरतेहून चुनीलालकाका आले, वडिलांचे चुलतभाऊ. शाळा उघडून घेतली. फळीसमोर बसले, आपल्या घराचा उंबरा करंगळीनं पुसला. "असंच होतं रे," म्हणाले. रडले.

मग म्हणाले, गाव त्यांना द्यायचं. समाजाच्या हॉलमध्ये काचेत राहील, खाली पितळी पट्टीवर माझं नाव. जोडफळी तेवढी काढायची.

नाही म्हणालो. एक्कावन्न हजार देत होते.