टॉमचे सैल नट

३ फेब्रुवारी, सोमवार
टॉम मेला! परवापर्यंत माझा हा ड्रम घंटेसारखा घुमत होता, आज पुठ्ठ्याच्या खोक्यावर थापट मारावी तसा — ठप्. प्रत्येक स्क्रूपाशी ड्रमची काडी ठोकून सूर जुळवला, दोन्ही पडदे — वरचं हेड, खालचं हेड. तरी ठप्. आणि रविवारी आमच्या बँडचं रेकॉर्डिंग! गाण्याच्या सुरुवातीला टॉम एकटा वाजतो, बाकी सगळे गप्प. ती जागा मी भांडून मिळवली आहे. गिटारवाला म्हणाला, "नाही जमलं तर मशीनचे ड्रम लावू की." की! जसा काही बल्बच बदलायचाय.

४ फेब्रुवारी, मंगळवार
नवं हेड घातलं. मेहनत पाण्यात. चिडून टॉम स्टँडवरून उतरवला, रिमखाली एक बोट घालून लटकता धरला आणि मारला — गायला! लांबलचक, अगदी तळातून. परत स्टँडवर चढवला — ठप्.

म्हणजे टॉम निर्दोष. दोष टांगण्यात. टॉम स्टँडला घट्ट जखडला की त्याचं लाकूड थरथरत नाही, आवाज आतल्या आत मरतो. म्हणून तर माझा टॉम लोखंडी पट्टीला टांगलाय, मधे रबरी वॉशर. नट बोटांनी फिरवायचे, तेही सैलसरच. आज ते पान्ह्याने आवळलेले! रबर चेपून पार सपाट. शेजारचे दोन स्क्रूही ओढले गेलेत, तिथला सूर वेगळाच बोलतोय. मी काल दिवसभर हेडला शिव्या घालत बसले.

नट आपोआप आवळत नाहीत. कुणाचं काम ते मला ठाऊक आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी सैल करून गेले, कामावरून आले तर पुन्हा आवळलेले. धाकट्या भावाला धरला. तो घरूनच काम करतो, दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांशी गोड बोलणं. माझ्या ड्रमवर पहिल्यापासून राग — एक गिऱ्हाईक म्हणे त्याला विचारत होतं, घर पाडताय का. तर म्हणाला, शपथेवर सांगतो, मी हात लावला नाही. चोराच्या उलट्या बोंबा! आई म्हणाली, जाऊ दे ना, नटच तर आहेत.

नटच!

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पुन्हा तेच. आज तोंड सुटलं माझं. धाकट्याला नाही नाही ते बोलले — स्वतःला काही जमत नाही म्हणून माझं मोडतोस. त्याने आईकडे बघितलं, चपला घातल्या आणि मित्राकडे निघून गेला. बाबा मधेच म्हणाले, "हळू बोला, सुपरवायझर फेरीवर आहे." रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आणि थट्टा सुचते कारखान्याची! मी हसलेही नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
रजा टाकली. खोलीच्या दाराआड उभी राहिले.

दुपारी बाबा आले. हातात पान्हा. जन्मभर फिटर होते, पान्हा धरला की हात अजून थरथरत नाही. एकेक नट आवळला. शेवटचा आटा श्वास रोखून. मग टॉम धरून हलवून बघितला — हलत नाही. मान डोलावली. मी ओरडले. बाबा, काय करताय! त्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं.

"सैल नट टाकून घरी जायचं नसतं. कुणाचा तरी हात जातो. तू नवीन लागलीस ना?"

आई मागे येऊन उभी होती. तिला सगळं माहीत. धाकट्यालाही! बाबा बरेच महिने असेच दुपारी कारखान्यात जातात म्हणे, आमच्याच घरातल्या कारखान्यात. मला का नाही सांगितलं? तर म्हणे, तुझ्या डोक्याला आधीच रेकॉर्डिंगचा ताप. वा! आणि त्या मूर्खाने माझ्या शिव्या खाल्ल्या, पण बाबांचं नाव घेतलं नाही. एवढा राग आलाय — आईवर, त्याच्यावर, आणि सगळ्यात जास्त ज्यांच्यावर काढता येत नाही त्यांच्यावर.

९ फेब्रुवारी, रविवार
टॉम गायला. धाकटा आला होता, स्टँड त्यानेच उचलून नेला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "आधी वाजव." नट त्यानेच बोटांनी सैल केले.

४ मार्च, मंगळवार
वाजवण्याआधी सैल करायचे. संध्याकाळपर्यंत बाबा ते आवळणार. रबर फाटलं, नवं घातलं, तेही चेपलं. चिडचिड होते. पान्हा लपवावा असं रोज वाटतं. आई म्हणते, लपवू नकोस, तेवढा वेळ ते खूश असतात. मग माझ्या टॉमने काय घोडं मारलंय कुणाचं?

१९ मार्च, बुधवार
आजही आवळलेले. शिव्या घालत सैल केले.

२ एप्रिल, बुधवार
आज नट सैलच होते.

बाबा माझ्या स्टुलावर बसलेले, मांडीवर पान्हा. मला विचारलं, "हे कशासाठी असतं गं?"

त्यांचा हात धरून मीच आवळले. घट्ट.