चार हजार आवाज, दोन मिनिटं

३ जून
धाकट्या बहिणीची पहिली शॉर्ट फिल्म. शेवटच्या दोन मिनिटांचं संगीत माझं. तिला एक चांगला संगीतकार मिळत होता. म्हटलं, घरात दादा असताना बाहेर कशाला? महिनाअखेर स्पर्धेला पाठवायचीय. भरपूर वेळ आहे. ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं.

५ जून
कॉम्प्युटरवर सिंथेसायझरचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं. आवाज फक्त आठ. त्यातही एका वेळी एकच सूर. दुसरी पट्टी दाबली की पहिली गप्प. कलावंताचा कोंडमारा म्हणतात तो हाच.

९ जून
बहिणीचा फोन. सुरुवात झाली का? सांगितलं, साधनंच तोकडी आहेत.

१२ जून, सकाळी
बायकोने वाढदिवसाला फुल व्हर्जन दिलं. चार हजार आवाज! सूर हवे तेवढे! म्हणाली, घे, अंगण सरळ करून दिलंय, आता नाच. टोमणा होता. दुर्लक्ष केलं. आजच काम संपवतो.

१२ जून, संध्याकाळी
आवाज ऐकतोय. सगळे ऐकल्याशिवाय निवडणं म्हणजे उरलेल्यांवर अन्याय.

१७ जून
अजून ऐकतोय. 'पहाटेचं धुकं' आणि 'ओलं धुकं' यात फरक कळेना. बायकोला ऐकवले. म्हणाली, दोन्ही आपल्या फ्रिजसारखे वाटतात. उद्यापासून हेडफोन.

२१ जून
इंटरनेटवर वाचलं, बंधनं घातली की प्रतिभा फुलते. एकदम पटलं. संकल्प: एकच आवाज, एका वेळी एकच सूर. बायको म्हणाली, म्हणजे ते फुकटवालंच ना? तिला यातलं कळत नाही. हे बंधन मी स्वतःहून घातलंय.

२४ जून
तो एक आवाज कोणता, ते ठरत नाहीये.

२७ जून
बहीण आली. म्हणाली, दादा, कच्चं असेल तरी ऐकव. जेवढं होतं तेवढं, म्हणजे चार सेकंद, ऐकवलं. संपल्यावर म्हणाली, हं, आता लाव.
मग तिच्या लक्षात आलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

२९ जून
सकाळपासून नुसता बसलोय. खरं म्हणजे मला काही सुचत नाही. आठ आवाज होते तेव्हाही सुचत नव्हतं. (हे वाक्य नंतर खोडणे.)

३० जून
बहिणीने फिल्म तशीच पाठवली. संगीताशिवाय.

१९ जुलै
फिल्मला बक्षीस! सगळे हॉलमध्ये होतो. परीक्षक बाई माइकवर म्हणाल्या, शेवटची दोन मिनिटं संगीत न ठेवणं हे मोठं धाडस आहे, ही कल्पना कुणाची?
मी उभा राहिलो. कोटाचं बटणही लावलं.
स्टेजवरून बहीण म्हणाली, कल्पना कसली मॅडम, नाइलाज होता.
हॉलभर हशा पिकला. मी खाली बसलो.