मागे उरलेले आवाज

३ मार्च

हे कान मला फुकट मिळालेले नाहीत. अर्धी हयात गॅरेजात इंजिनं ऐकण्यात गेली, पंख्याच्या पट्ट्यात उजव्या हाताचं मधलं बोट गेलं आणि ही म्हणते त्याप्रमाणे, तिचं तरुणपण ग्रीसचे डाग काढण्यात गेलं. एवढं गेल्यावर आज कुठे गार खोलीतली नोकरी हाती लागली.

काम मजेशीर आहे. निरनिराळ्या कंपन्यांतले कामगार आपल्याकडची भानगड नाव न सांगता फोनवर बोलून ठेवतात. यंत्र त्यांचा आवाज बदलतं. मी तो ऐकायचा आणि माणूस ओळखू येईल असं काही मागे उरलं असेल तर लिहून द्यायचं, म्हणजे ते पुसता येतं. साहेबांनी विचारलं, कान कितपत तयार आहेत? मी म्हटलं, माझ्या पाठीमागे दार उघडलं आणि मला कळलं नाही, असं आजवर घडलेलं नाही. ते हसले. एका गिऱ्हाइकाकडून आलेली क्रीमची बिस्किटं पुढे केली. मी चार हाणली.

५ मार्च

शेजारच्या टेबलावरच्या ताई इथल्या जुन्या. लिहिताना पुटपुटतात. मधे पार्टिशन आहे, पण मला अक्षर न् अक्षर ऐकू येतं. तसं म्हटल्यावर म्हणाल्या, दादा, तुम्ही टेबलावर बोटं वाजवता ना, त्यातला मधला ठोका गळतो, आधी तो सांभाळा. बाईचे कानही काही कमी नाहीत.

आज एक माणूस ऐकला. प्रत्येक वाक्याआधी दाताच्या फटीतून हवा ओढतो, त्सक्. मी त्याचं नाव दातफटे ठेवलं. चरबी वितळवण्याच्या कारखान्यात आहे. सांगत होता, अळ्या पडलेली चरबी कढईत जाते, वर पावडर मारून ती पांढरी करतात आणि मग बिस्किटांच्या क्रीममध्ये घालतात. आपलं नाव फुटलं तर मालक जिवंत ठेवणार नाही, असंही म्हणाला.

परवाचा गोडवा जिभेवर परत आला. बेसिनवर जाऊन ओकलो. मग त्या बिचाऱ्यासाठी मन लावून नोंद केली : दाताची फट, डावा पाय ओढण्याचा आवाज, मागे गळका नळ, लिफ्टची घंटी. एकही खूण सोडली नाही.

९ मार्च

साहेबांनी पाठ थोपटली. अशी नोंद इथे कुणी केली नव्हती म्हणाले. बिस्किटांचा नवा डबा आलाय. बोलता बोलता नखातलं क्रीम चोखत होते. त्यांनी थोपटलेला शर्ट घरी येऊन दोनदा धुतला.

११ मार्च

दातफट्याच्याच क्रमांकावरून आलंय. बोलणं नाही. नुसतं रटरटणं, जाड, चिकट बुडबुडे फुटतात तसं. आणि त्याच्या आतून, तळाकडून — त्सक्.

पुन्हा ऐकलं. पाय नाही, नळ नाही. त्सक् आहे.

ताईंना विचारलं, त्या खुणा पुसल्या होत्या ना? बिस्किटाचा घास गिळून त्या म्हणाल्या, पुसतंय कोण दादा? नोंद सरळ त्या कामगाराच्या मालकाकडे जाते. त्याचेच तर पैसे मोजतात ते.

म्हणजे मीच. पाय, दात, नळ — सगळं मीच हातात दिलं.

१२ मार्च

जेवता येत नाही. पाण्यावरही तवंग दिसतो.

जिन्याखाली जाऊन, कामगार बोलतात त्याच नंबरवर, आमच्याच साहेबांची तक्रार बोलून ठेवली. ती वरच्या कचेरीत जाईल, तिथे कुणी शहाणं असेल. श्वास आवरला, बोली बदलली. खुणा कशा उरतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

१४ मार्च

ताई पुटपुटताहेत. स्पष्ट ऐकू येतंय. जिन्याचा कठडा. त्यावर बोटं वाजवतो. मधला ठोका गळतो —

माझी तक्रार. त्यांच्या कानात.

वर बघत नाहीत.

१४ मार्च, दुपारी

निघालो होतो. साहेब म्हणाले, एवढं एक ऐकून जा. आतल्या खोलीत बसवलं. दार मीच लावलं, कडी मीच —

हेडफोनात या खोलीचाच पंखा. कागदावर पेन घासतंय. हे पेन. आत्ताचं —

खवट वास.

त्सक्.

हेडफोन काढला. तरीही त्सक्.

मानेवर कोमट, चिकट काहीतरी ओघळतंय —

वळून बघितलं. दार सताड उघडं आहे. उघडल्याचं मला ऐकूच